आवाज बंद करा आणि हात बघा

पेन्सिल

गेले दोन महिने आमचा टीव्ही मुका आहे. बिघडलेला नाही. घरात तान्हं बाळ आहे, आणि ते झोपलं की भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही असा कडक कायदा आहे. बाळ मांडीवर, समोर टीव्ही, आवाज शून्यावर, असे माझे तास जातात. सुरुवातीला ओठांवरून संवाद ओळखायचा खेळ खेळले. त्याचा कंटाळा आल्यावर नजर हातांवर गेली आणि तिथेच अडकली.

टीव्हीवरच्या बाईचे हात बघा. केस कानामागे सारतात. गालाला टेकतात. कुणाच्या तरी कपाळाला लावून ताप बघतात. दाराची चौकट धरून उभे राहतात. जाहिरातीत तिच्या हातात बाटली दिली तर ती मुठीत धरत नाही, बोटांच्या टोकांवर तोलते, जणू ती बाटली आत्ताच झोपली आहे. पुसण्याचं तर विचारूच नका. सगळ्या वाहिन्यांवर मिळून बायका दिवसभरात जेवढं पुसतात तेवढी धूळ जगात नसेल.

पुरुषाचे हात: स्टिअरिंग, फोन, किल्ली, पिस्तूल, हस्तांदोलन, समोरच्यावर रोखलेलं बोट. आणि काहीच काम नसेल तेव्हा खिशात. हे खिशाचं मला फार लागलं. बाईला टीव्हीवर खिसाच नाही, त्यामुळे तिच्या हातांना रिकामं राहायची सोय नाही. सतत काहीतरी सावरत असतात.

हेच पुरुषाचे हात बाळ दिलं की गोंधळतात. तो त्याला अंगापासून हातभर लांब धरतो, गळकी पिशवी धरावी तसा. आमच्या घरात या बाळाला धरणारा दुसरा माणूस पुरुषच आहे आणि तो असं धरत नाही.

आवाज बंद असला की संवाद फसवत नाहीत. संवाद आता पुष्कळ सुधारलेत. मालिकेतली नायिका स्वतःच्या पायावर उभं राहण्याबद्दल चांगलं घसघशीत बोलते, आणि बोलताना तिचे हात कुणाच्या तरी चादरीची घडी घालत असतात.

तर अर्धा तास आवाज बंद करून बघा आणि इथे लिहा. बातम्या, खेळ, जाहिराती, कार्टून, काहीही चालेल.

तिरकस

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). बायकांच्या चित्रणात नजर झाली, कपडे झाले, भाषा झाली, आता हातही तपासायचे. उद्या पायाचे अंगठे.

गंमत सोडा. पण पुरुषांचं काय दाखवतात त्यावर कुणी कधी धागा काढतं का? जाहिरातीतला बाप म्हणजे हमखास बावळट. त्याला यंत्राचं बटण सापडत नाही, डायपर उलटा लावतो, मुलं फिदीफिदी हसतात आणि शेवटी आई येऊन सगळं निस्तरते. मालिकेत पुरुष दोनच प्रकारचे: एक घरातल्या दोन बायकांच्या मधे लटकलेला ठोकळा, दुसरा मुठी आवळून खिडकीबाहेर बघणारा. त्याला रडायची परवानगी नाही, घाबरायची नाही, मित्राच्या गळ्यात पडायची नाही. बायकांच्या चित्रणावर ग्रंथालयं भरली असतील. आमचा ठोकळा तसाच उभा आहे.

शिंपला

+१ दोघांनाही. आमच्याकडे रिमोट सहा वर्षांच्या व्यक्तीकडे असतो, त्यामुळे मी कार्टूनच बघू शकते. बघून लिहिते.

दूरस्थ

पेन्सिल, तुम्ही नकळत एका मोठ्या माणसाच्या वाटेनं चालला आहात. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं १९७९ सालचं पुस्तक याच विषयावर आहे. त्यानं टीव्ही नव्हे, छापील जाहिराती घेतल्या. शेकडो चित्रं शेजारी शेजारी मांडली आणि माणसं उभी कशी आहेत, मान किती कललेली आहे, नजर कुठे आहे, हात काय करतायत एवढंच पाहिलं. त्याला जे दिसलं ते तुमच्या झोपलेल्या बाटलीसारखंच आहे. स्त्रीचे हात वस्तूला हलकेच शिवतात, तिच्या कडेवरून फिरतात, तिला कुरवाळतात. वस्तू वापरण्यासाठी घट्ट धरणं वेगळं, ते तिच्या वाट्याला क्वचित येतं.

आणि तिरकस, तुमचा ठोकळाही त्या पुस्तकात आहे. गॉफमनचं निरीक्षण असं की चित्रात स्त्री-पुरुष मिळून काही करत असले तर मुख्य काम पुरुषाकडे आणि मदत स्त्रीकडे. पण जागा घरातली असली, स्वयंपाकघर किंवा बाळाची खोली, तर पुरुष एकतर काहीच करत नाही, नाहीतर जे करतो ते हास्यास्पद, पोरकट दाखवलं जातं. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं तो डायपर उलटाच लागतोय.

तिरकस

चला, निदान नोंद तरी झाली आहे आमची.

संकलक

वाचनमात्र होतो, पण हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे. वीसेक वर्षं संकलनाच्या टेबलावर बसतोय, त्यातली बहुतेक रोजच्या मालिकांवर. हात असे का दिसतात याची कारणं विचारसरणीत जेवढी आहेत तेवढीच वेळापत्रकात आहेत.

अर्ध्या तासाच्या मालिकेला जाहिराती वगळून रोज वीस-बावीस मिनिटांचा माल लागतो. आठवड्यातून पाच-सहा दिवस. बाहेर शूटिंग म्हणजे परवानगी, गर्दी, ऊन-पाऊस, खराब आवाज. ते परवडत नाही. मग काय असतं? एक दिवाणखाना, एक जिना, एक स्वयंपाकघर, दोन बेडरूम. आणि गरज पडली तर एक केबिन, जी वेगवेगळे पडदे लावून पाच ऑफिसं होते. कथेत नायिका डॉक्टर आहे, पण ऑपरेशन थिएटर कुणी उभं करत नाही. ती डॉक्टर असल्याचं आपल्याला संवादातून कळतं आणि ती घरी आल्यावर काय करते तेवढं दिसतं. नायकाचंही तेच. अब्जावधींचा उद्योग चालवतो म्हणे, पण आयुष्यात त्याला काम करताना कुणी पाहिलेलं नाही. जिन्यावरून उतरत फोनवर एक वाक्य बोलतो आणि संपलं.

आता या दिवाणखान्यात दोन माणसं पाच मिनिटं बोलणार. हात लोंबकळत ठेवून बोलली तर पुतळे वाटतात. म्हणून हातांना काम द्यावं लागतं. त्याला आमच्याकडे 'बिझनेस' म्हणतात. दिग्दर्शक ओरडतो, 'हिला काहीतरी बिझनेस द्या रे!' आर्टवाला मुलगा धावत जातो आणि जवळ जे असेल ते आणतो. तिच्यासाठी ट्रे, फुलदाणी, घडी घालायचे कपडे. त्याच्यासाठी फाइल, फोन, लॅपटॉप. त्या मुलाच्या मनात काही कट नसतो. त्यानंही लहानपणापासून टीव्हीच पाहिलेला असतो.

आणखी एक अडचण आहे, ती प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. खरं काम पुढे सरकतं. स्क्रू अर्धा पिळला, कागद अर्धा कापला की पुढच्या टेकला, म्हणजे तोच प्रसंग परत घेताना, तो पुन्हा बरोबर तेवढाच पाहिजे, नाहीतर मला कापता येत नाही. म्हणून सेटवर पुढे न सरकणारं काम सगळ्यांना आवडतं: केस मागे सारणं, घडी घालून परत मोडणं, स्वच्छ टेबल पुसणं. पेन्सिल, तुम्हाला जी धूळ दिसली नाही ती नव्हतीच. टेबल मळकं असतं तर दुसऱ्या टेकला परत मळवावं लागलं असतं.

बिनतारी

संकलक, स्वच्छ टेबलाचं रहस्य वाचून धन्य झालो. तीस वर्षं पडलेला प्रश्न सुटला.

पेन्सिल

संकलक, दंडवत. पण एक शंका. कंटिन्युइटीची, म्हणजे टेकला टेक जुळवायची, अडचण दोघांनाही सारखीच ना? मग पुढे न सरकणारं काम त्याच्यासाठी फोन आणि तिच्यासाठी पुसणं, ही वाटणी वेळापत्रकानं केली नाही.

संकलक

मान्य. वेळापत्रक 'काहीतरी द्या' म्हणतं. काय द्यायचं ते सवय ठरवते.

सवयीचंच आणखी एक सांगतो. रोजच्या मालिकेत प्रतिक्रियांचे क्लोज-अप हे आमचं धान्याचं कोठार. एखाद्या दिवशी नट हाताशी असले की भिंतीसमोर उभं करून घेऊन ठेवायचे: धक्का, राग, संशय, रडू दाबणं. मग महिनाभर कुठेही चिकटवायचे. भाग कमी पडला की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेक फेरी, मिनिट भरून निघतं. माझ्या कॉम्प्युटरवर नायिकांच्या क्लोज-अपचे फोल्डर दहा-बारा असायचे. नायकांचे दोन. 'राग' आणि 'गंभीर'. 'गंभीर'मधले निम्मे नट खरं तर पुढचा संवाद आठवत असायचे.

एकदा एका नटानं बापाच्या मृत्यूच्या प्रसंगात खरंच रडून दाखवलं. नाक वाहतंय, आवाज फाटलाय, हातांनी तोंड झाकतोय. वरून निरोप आला की एवढं नको, तो कमकुवत दिसतोय. शेवटी तो सगळा प्रसंग त्याच्या पाठीवर ठेवला आणि समोर रडणाऱ्या बायकोचा चेहरा घेतला. त्याचं दुःख तिनं रडून दाखवलं. तिरकस, तुमच्या ठोकळ्याचं उत्पादन असं होतं. मी स्वतः केलंय.

तिरकस

हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. संकलक, त्या नटाला सांगा, एका प्रेक्षकाला तो शॉट बघायचा आहे.

वाटसरू

टीव्ही आता बघतं कोण पण? सगळे मोबाइलवर. हा विषयच कालबाह्य आहे.

शिंपला

@वाटसरू, मोबाइलवर जे बघता ते कुणीतरी कॅमेऱ्यानंच शूट केलेलं असतं ना? तिथेही हात असतात.

माझा गृहपाठ: कार्टून बघितली. बोलणारे प्राणी, बोलणाऱ्या गाड्या, बोलणारी फळंसुद्धा. पहिली गोष्ट म्हणजे टोळक्यात एकच मुलगी. एक शूर, एक हुशार, एक खादाड, एक घाबरट, आणि एक... मुलगी. बाकीच्यांना स्वभाव आहे, तिला मुलगी असणं हाच स्वभाव. कॅथा पॉलिट या अमेरिकन लेखिकेनं १९९१ साली याला 'स्मर्फेट तत्त्व' असं नाव दिलं होतं. निळ्या बुटक्यांच्या त्या कार्टूनमधल्या एकुलत्या एक मुलीवरून. दुसरी गोष्ट, पापण्या. फळालासुद्धा मादी ठरवायचं असेल तर पापण्या लावतात. माझ्या लेकीनं त्या दिवशी ढगाचं चित्र काढलं आणि त्याला पापण्या काढल्या. विचारलं तर म्हणाली, ही ढगीण आहे.

जीना डेव्हिस या अभिनेत्रीचंही असंच झालं. छोट्या मुलीबरोबर लहान मुलांचे कार्यक्रम बघताना तिच्या लक्षात आलं की यात मुली फारच कमी आहेत. आसपासच्या चित्रपटवाल्यांना विचारलं तर सगळे म्हणाले, तो प्रश्न आता सुटलाय. मग तिनं २००४ मध्ये संस्था काढली आणि पात्रं मोजायला लावली. मला हे आवडलं. वाद नको, मोजा.

बिनतारी

मी बातम्यांचा माणूस. रात्रीच्या बातम्या चुकवत नाही, त्यामुळे तेवढंच लिहितो.

निवेदकाचे हात बघितले. पुरुष निवेदकाच्या हातात पेन. त्या पेनानं तो काहीही लिहीत नाही, फक्त पाहुण्याला थांबवतो. बाईच्या हातात टॅबलेट किंवा जुळवलेली बोटं.

बाईनं बातम्या वाचणं आज इतकं नेहमीचं आहे की ते कधी अशक्य होतं हे आठवत नाही. बीबीसीवर १९६० साली नॅन विंटन रात्रीच्या राष्ट्रीय बातम्या वाचू लागल्या. काही महिन्यांतच त्यांना बाजूला केलं, कारण बीबीसीच्याच पाहणीत प्रेक्षकांना उशिराच्या बातम्या बाईनं वाचणं मान्य नाही असं दिसलं. उच्चार चुकले नव्हते, बातमी चुकली नव्हती. तिथे नियमित वृत्तनिवेदिका दिसायला १९७५ उजाडलं, अँजेला रिपन आल्या तेव्हा.

त्यानंतरचा अडथळा केसांच्या रंगाचा. पुरुष पिकला की अनुभवी दिसतो, बाई पिकली की रजेवर जाते. बीबीसीच्याच ग्रामीण विषयांवरच्या एका कार्यक्रमातून मिरियम ओ'रायली यांना काढलं, त्या लवादात गेल्या आणि २०११ मध्ये वयावरून भेदभाव झाल्याचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. स्त्री म्हणून भेदभाव झाल्याचा दावा मात्र लवादानं मानला नाही. मला हे कोडं अजून सुटत नाही. त्याच वयाचे पुरुष पडद्यावर दिसतच असतात, मग नुसतं वय आडवं आलं म्हणायचं तरी कसं?

अवांतर: ऑस्ट्रेलियातला सकाळच्या कार्यक्रमाचा निवेदक कार्ल स्टेफानोविच यानं २०१४ मध्ये जाहीर केलं की वर्षभर तो जवळजवळ रोज एकच निळा सूट घालत होता. एकाही प्रेक्षकाच्या लक्षात आलं नाही. शेजारी बसणाऱ्या सहनिवेदिकेच्या कपड्यांवर मात्र सतत पत्रं येत. त्यानं तो सूट मुद्दाम घातला होता, हे दाखवायलाच.

शिंपला

वर्षभर एकच सूट! धुतला तरी होता का?

बिनतारी

त्याचा खुलासा वाचनात नाही.

खडू

शिकवते, म्हणून हे नाव. वर्गात प्रयोग केला. नववीच्या मुलांना सांगितलं की खेळाचं प्रक्षेपण आवाज बंद करून बघा, एक पुरुषांचं, एक स्त्रियांचं. मला वाटलं होतं की पेन्सिल यांच्या कसोटीवर खेळ पहिल्या नंबरानं पास होईल. रॅकेट, भाला, चेंडू. इथे बाईची पकड घट्टच लागते.

पकड घट्टच होती. पण एका मुलानं लिहून आणलं की बायकांच्या सामन्यात 'रिप्ले' कमी आहेत आणि खेळ हळू वाटतो. दुसरीनं त्याला उत्तर दिलं की खेळ हळू नाही, कॅमेरे कमी आहेत. हे तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलं आणि बरोबर काढलं. जिथे सामन्याला कॅमेरे कमी लावतात तिथे कोन कमी, संथ गतीतली पुनरावृत्ती कमी, जवळून दिसणारा घाम कमी. आपल्याला जो 'वेग' वाटतो त्यातला बराचसा संकलक यांच्यासारख्या माणसांनी तयार केलेला असतो.

आणि आवाज लावल्यावर? अमेरिकेत संशोधक मायकेल मेसनर, शेरिल कुकी आणि त्यांचे सहकारी १९८९ पासून दर काही वर्षांनी टीव्हीवरच्या क्रीडाबातम्या मोजतात. १९८९ मध्ये स्त्रियांच्या खेळांना ५ टक्के वेळ होता. २०१९ मध्ये ५.४. मधल्या ३० वर्षांत खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनी वाढल्या. त्यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी स्त्री-खेळाडूंच्या दिसण्यावर शेरे मारत. ते कमी झाले, पण त्यांच्या जागी खेळाचं कौतुक आलं नाही, एक सपाट, निरुत्साही सूर आला. पुरुषांच्या गोलला निवेदकाचा घसा बसतो. बाईचा गोल तो हवामान सांगितल्यासारखा सांगतो. चुकीचं एक अक्षर बोलला नाही, त्यामुळे तक्रार करायची तरी कशाची?

दूरस्थ

खडू, हेच सगळ्यात अवघड आहे. शिवी मोजता येते, उत्साहाचा अभाव मोजायला कान लागतात.

बातम्यांच्या मोजणीचं सांगतो, कारण तिथे दीर्घ पल्ल्याचे आकडे आहेत. १९९५ पासून दर पाच वर्षांनी जगभरातले स्वयंसेवक एक दिवस ठरवून आपापल्या देशातल्या बातम्या तपासतात. सुरुवातीला ७१ देश होते, २०२० मध्ये ११६. बातमीत जे दिसतात, ज्यांचं म्हणणं घेतलं जातं किंवा ज्यांच्याविषयी बोललं जातं त्यांच्यात स्त्रिया १९९५ मध्ये १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५. म्हणजे पाव. त्यातही त्या कशासाठी दिसतात ते बघायचं. स्वतःवर बेतलेला प्रसंग सांगायला बाई पुष्कळदा असते. तज्ज्ञ किंवा प्रवक्ता म्हणून फार कमी. पुरात घर गेलं की बाई रडते, आणि पूर का आला ते पुरुष सांगतो. नकाशावर काठी फिरवत. घ्या, पुन्हा हात आले.

तिरकस

बातम्यांत जगच तसं असेल तर वार्ताहर काय करणार? मंत्री पुरुष असेल तर पुरुषच दाखवणार ना.

दूरस्थ

प्रश्न रास्त आहे, आणि बीबीसीच्या रॉस ॲटकिन्स या निवेदकानं २०१७ मध्ये त्याचं सोपं उत्तर काढलं. जे आपल्या हातात आहे तेवढंच मोजायचं. राष्ट्राध्यक्ष कोण हे आपण ठरवत नाही, तो मोजणीत नाही. पण त्यावर भाष्य करायला कुणाला बोलवायचं ते आपण ठरवतो, ते मोजायचं. कार्यक्रम संपल्यावर दोन मिनिटं, कागदावर. त्याच्या कार्यक्रमात स्त्रिया ३९ टक्के होत्या, चार महिन्यांत निम्म्यावर आल्या. वरून फतवा नव्हता, फक्त रोज आकडा समोर यायचा.

पेन्सिल

मोजणीला माझा विरोध नाही, पण नुसत्या डोक्यांवर समाधान मानायला मन तयार नाही. मालिकांमध्ये डोकी मोजलीत तर बायकाच जास्त भरतील. कारस्थानं त्या करतात, सहन त्या करतात, सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते. तरी मला ते चित्र बाईचं वाटत नाही.

दूरस्थ

बरोबर. समाजशास्त्रज्ञ गे टकमन यांनी १९७८ मध्ये हेच मांडलं होतं. त्यांनी 'प्रतीकात्मक उच्छेद' हा शब्द वापरला, जो आधी माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी आणला होता. पडद्यावर बाई नसणं हा एक प्रकार. असली तरी तिला दोषी ठरवणं किंवा क्षुल्लक करणं, हेही त्याच खात्यात. त्या काळात अमेरिकन टीव्हीच्या मुख्य वेळेत एका बाईमागे साधारण तीन पुरुष असत, म्हणून सगळ्यांचं लक्ष पहिल्या प्रकारावर गेलं. दुसरे दोन अजून भरभराटीत आहेत.

शिंपला

प्रकाटाआ, प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

शिंपला

बावळट बापाबद्दल कुणीतरी बंदीचं वाचल्याचं आठवतंय. ब्रिटनमध्ये?

दूरस्थ

हो. जून २०१९ पासून तिथल्या जाहिरात नियामकानं स्त्री-पुरुषांविषयीच्या घातक ठोकळेबाज प्रतिमांना मनाई केली. ऑगस्टमध्ये पहिल्या दोन जाहिराती अडकल्या, त्यातली एक बापांचीच होती: दोन बाप खाण्याच्या नादात बाळांना फिरत्या पट्ट्यावर विसरतात, आणि शेवटी एक म्हणतो की आईला सांगायचं नाही हं. दुसरी मोटारीची होती. तिच्यात पुरुष अंतराळात तरंगत होते, लांब उडी मारत होते, आणि एक बाई बाबागाडीशेजारी बाकावर बसली होती.

तिरकस

आता बघा, ज्याच्या बाजूनं ही बंदी आली तो मीच म्हणतो की बंदी अति झाली. विनोद होता तो. उद्या कुणालाच कशावर हसता येणार नाही.

पेन्सिल

बंदीचं माझंही पक्कं मत नाही. पण तो विनोद फक्त बापाची टिंगल आहे असं मला वाटत नाही. बावळटपणा म्हणजे मंजूर झालेली कायमची रजा. त्याला जमत नाही म्हणून तो सुटला, आणि तिला जमतं म्हणून ती अडकली. ती शेवटी हसत येऊन निस्तरते तेव्हा तिचं कौतुक नसतं होत, तिची ड्यूटी लागत असते. एकाच दृश्यात दोघांचंही माप काढलेलं असतं.

तिरकस

मला रजा नकोय हो. तेच सांगतोय. मुलीची वेणी मी घालतो. बागेत ती पडली, रडली की मी उचलायच्या आत कुणीतरी धावत येतं आणि विचारतं, 'हिची आई कुठे आहे?' चांगल्या मनानं विचारतात. पण बघतात त्या जाहिरातीतल्या बापाकडे बघावं तसं. मी तिला हातभर लांब धरीन असं वाटत असणार.

खडू

हे प्रेक्षकाकडूनही होतं ना पण? वर्गात एकच गोष्ट वाचली तर चाळीस मुलं चाळीस अर्थ लावतात.

दूरस्थ

होतं, आणि लेखकाच्या मनाविरुद्धही होतं. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या एका विनोदी मालिकेत आर्ची बंकर नावाचा पूर्वग्रहांनी भरलेला कुटुंबप्रमुख होता. त्याच्यावर हसावं म्हणून तो रचला होता. १९७४ च्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांचे पूर्वग्रह मुळातच पक्के होते त्यांना तो खरं बोलणारा, बरोबर माणूस वाटत होता. 'हम लोग'चंही तेच. १९८४ ची मालिका. त्यातली भागवंती, सगळं सोसणारी आई, ही असं वागू नये याचं उदाहरण म्हणून घेतली होती. अनेक बायकांनी तिलाच आदर्श मानलं.

उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. ब्राझीलमधल्या ग्लोबो या वाहिनीच्या मालिकांत नायिकांना मुलं नसायची किंवा एखादंच असायचं. कथेत मुलं सांभाळणं निर्मात्यांना अडचणीचं असावं, संकलक सांगतील. त्या वाहिनीचं प्रक्षेपण जिथे जिथे पोचलं तिथे बायकांना होणाऱ्या मुलांची संख्या कमी झाल्याचं अर्थतज्ज्ञांच्या २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. कुणी उपदेश केला नव्हता. लहान कुटुंब नुसतं दिसत राहिलं.

संकलक

सांगतो. सेटवर लहान मूल म्हणजे कामाच्या तासांवर मर्यादा, पालक हजर, झोपेच्या वेळा, आणि ते बरोबर टेकच्या मधोमध रडतं. लेखकाला हात जोडून सांगतात, मूल होस्टेलवर पाठव. म्हणून मालिकेतली मुलं एकतर पोटात असतात नाहीतर लग्नाच्या वयाची.

बिनतारी

हहपुवा. मधली पंधरा वर्षं जातात कुठे ते आज कळलं.

वाटसरू

कालबाह्य म्हणालो होतो, पण काल मोबाइलवर आवाज बंद करून बघितलं. यंत्रांची माहिती देणारे व्हिडिओ बघतो मी. सगळे हात पुरुषांचे. मग एक सापडला ज्यात फक्त हात दिसतात, चेहरा नाही, जुना रेडिओ उघडून दुरुस्त करतात. अर्धा व्हिडिओ मी तो पुरुषच धरून चाललो होतो. मग ती बोलली. एवढंच सांगायचं होतं, हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

तिरकस

@वाटसरू, शेवटचं कशाला, आत्ता तर सुरुवात झाली तुमची.

पेन्सिल

काल रात्री एक जुनी मालिका लागली होती, नाव बघायचं राहून गेलं. एक म्हातारा पलंगाच्या कडेला बसून नातवाच्या शर्टाला बटण लावतोय. समोर मुलगी उभी आहे, भांडण चाललं असावं, कारण ती खिडकीवर हात आपटत होती. तो मान वर करत नाही. सुई घालतो, ओढतो, दोऱ्याचे वेढे घेतो, गाठ मारतो, दातानं दोरा तोडतो. तोपर्यंत तिचं बोलून संपलेलं असतं. मग शर्ट झटकून तिच्याकडे देतो आणि ती शर्टाच्या खिशात हात घालून उभी राहते. आवाज नव्हता, त्यामुळे भांडण कशाचं ते माहीत नाही. मी मागे नेऊन तीनदा बघितलं.

संकलक

सुई-दोरा कापून कापून घेता येत नाही, गाठी जुळत नाहीत. एका टेकमध्ये घेतला असणार, आणि नटाला खरंच शिवता येत असणार. परत बघा आणि सांगा, मधे कुठे कट आहे का? आणि बटणाला भोकं दोन होती की चार?

पेन्सिल

चार. कट नाही.